मदत हवी आहे: पट्ट्या जात नाहीत, ४०० येतंय (अर्जंट, उद्या रविवार!)

गाळ्यावरचा – शनिवार, संध्या. ६:१०

नमस्कार मंडळी, मामाचा मार्केट यार्डात तरकारी विभागात गाळा आहे. रोजच्या पट्ट्या (शेतकऱ्याच्या विकलेल्या मालाचा हिशेब) त्याच्या सिस्टिममधून एका कंपनीच्या वेब सर्विसला पाठवायच्या असतात, तिथून शेतकऱ्याच्या मोबाइलवर जातात. हे सगळं मी जोडून दिलंय. महिनाभर मस्त चालू होतं, काही बदललेलं नाही, आणि मंगळवारपासून ४०० (तुमची विनंती चुकीची आहे असा एरर) यायला लागलंय. काही जातात काही जात नाहीत. त्यांच्या सपोर्टला मेल केला तर "तुमच्या बाजूने चेक करा" एवढंच. आज यार्ड बंद म्हणून जरा वेळ मिळालाय, उद्या रविवार म्हणजे आवक डबल, मध्यरात्रीपासून गाड्या लागतात. कोणाला माहीत असेल तर पटकन सांगा, लिंका नकोत, डायरेक्ट सोल्युशन द्या.

खडूस_टेस्टर – ६:२२

"काही बदललेलं नाही" हे वाक्य मी नोकरीला लागल्यापासून ऐकतोय आणि एकदाही खरं निघालेलं नाही. भाषा कुठली, डेटाबेस कुठला, ४०० बरोबर समोरून मेसेज काय येतो, पट्ट्या एकेक पाठवतोस का गठ्ठ्याने? डॉक्टरकडे जाऊन "दुखतंय, कुठे ते विचारू नका, गोळी द्या" असं म्हणतोस का?

गाळ्यावरचा – ६:३१

सॉरी, घाईत लिहिलं. पीएचपी, मायएसक्यूएल, कर्लने (पीएचपीतून वेबवर डेटा पाठवायचं साधन) पोस्ट करतो. विंडोजचं मशीन आहे, टास्क शेड्युलरवर दर १५ मिनिटांनी चालतं. मेसेज "इनव्हॅलिड जेसन" असा येतो (जेसन म्हणजे पट्टी ज्या मांडणीत पाठवतो ती) पण जेसन व्हॅलिड आहे!! फेल झालेला लॉगमधून उचलून ऑनलाइन चेकरमध्ये टाकला, हिरवी टिक आली. म्हणजे गडबड त्यांच्याच बाजूला आहे ना?

बाबूराव_क्लाउड – ६:४०

मूळ डिझाइनच चुकलंय. दोन सिस्टिम अशा डायरेक्ट बांधायच्याच नसतात. मधे काफ्का (मेसेज रांगेत धरून ठेवणारं सॉफ्टवेअर) टाक, एका बाजूने पट्ट्या टाकायच्या, दुसऱ्या बाजूने एक कन्झ्युमर उचलून पाठवेल, सर्विस बंद पडली तरी काही हरवणार नाही. वर एअरफ्लो (कामं क्रमाने चालवणारं सॉफ्टवेअर) लावलास की कुठली पायरी फेल झाली ते स्क्रीनवर दिसतं. आम्ही हिंजवडीत हेच करतो, रात्री फोन येणं बंद झालं.

सौ_डेटाबेस – ६:४४

धागाकर्ते, दिवसाला पट्ट्या किती?

गाळ्यावरचा – ६:४६

६०-७०. रविवारी दीडशेपर्यंत.

सौ_डेटाबेस – ६:५१

बाबूराव, दीडशे पट्ट्यांना काफ्का म्हणजे कोथिंबिरीची जुडी आणायला दहा चाकी ट्रक. लिंक्डइनने ते स्वतःच्या भाराला बनवलं आणि २०११ मध्ये सगळ्यांना खुलं केलं, मामाच्या गाळ्यावरचं मशीन बघून नाही. टेबलात एक कॉलम पुरतो.

बाबूराव_क्लाउड – ६:५५

आज दीडशे आहेत. उद्या सगळ्या यार्डाने घेतलं की मग म्हणू नका सांगितलं नव्हतं म्हणून.

जीएसटीकाका – ६:५८

१ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वर उलाढाल असेल तर ई-इनव्हॉइस सक्तीचं आहे हे लक्षात घ्या. पोर्टलवर २१५० एरर आला तर तो डुप्लिकेट आयआरएनचा (इनव्हॉइसच्या नोंदणी नंबरचा) असतो, घाबरू नये, आधीचाच नंबर वापरावा.

गाळ्यावरचा – ७:०२

काका हे ई-इनव्हॉइस नाहीये, शेतकऱ्याची पट्टी आहे. आणि ताज्या भाजीला जीएसटीच नाही.

जीएसटीकाका – ७:०३

माहितीसाठी दिलं. कोणाला तरी उपयोगी पडेल.

दिवेघाट – ७:०९

पट्टीचा विषय निघालाच आहे तर विचारतो, तुमचे मामा शेतकऱ्याच्या पट्टीत आडत (अडत्याचं कमिशन) कापतात का? २०१६ च्या जुलैपासून फळं-भाजीपाल्याची आडत खरेदीदाराकडून घ्यायची आहे. बरेच ठिकाणी अजून वेगळ्या नावाखाली लावतात, आमच्या वाटाण्याला लावली होती.

गाळ्यावरचा – ७:१३

नाही हो, फक्त हमाली आणि तोलाई. कोणीतरी ४०० बद्दल बोला ना प्लीज.

सौ_डेटाबेस – ७:१५

एकेक का गठ्ठ्याने, याचं उत्तर राहिलंच. आणि फेल झाली की तुझा कोड काय करतो?

गाळ्यावरचा – ७:२४

एकेक. एखादी फेल झाली तर पुढची घेतो, आणि शेवटी काही राहिल्या असतील तर सगळं परत पहिल्यापासून, असं तीनदा. त्यावरून आठवलं, दुसरा पण एक प्रॉब्लेम आहे, काही जणांना एकच पट्टी तीन-तीनदा जातेय. परवा एकाने मामाला फोन केला, म्हणे तीन पट्ट्या आल्यात, पैसे पण तिप्पट का? मामा माझ्याकडे असा बघत होता की विचारू नका.

सौ_डेटाबेस – ७:३८

अरे बाबा! हा दुसरा प्रॉब्लेम नाही, हाच आहे. मराठीत नीट सांगते:

पट्टीच्या टेबलात "पाठवली कधी" असा एक कॉलम कर. २०० (म्हणजे नीट पोचली) आलं की त्यात वेळ भर, आणि पुढच्या वेळी तो रिकामा असलेल्याच पट्ट्या उचल. ४०० आला की रिट्राय अजिबात करायचा नाही. चिठ्ठीच चुकीची लिहिली असेल तर शंभरदा तीच पोस्टात टाकून काय होणार? ती बाजूला ठेव आणि माणसाला दाखव. रिट्राय करायचा तो ५०३ ला (सर्विस सध्या बंद), टाइमआउटला (वेळेत उत्तर नाही) आणि ४२९ ला (फार भराभर पाठवताय), तोही लगेच नाही, आधी दोन सेकंद थांब, मग चार, मग आठ. ४२९ बरोबर रिट्राय-आफ्टर हेडर आला तर त्यात दिलंय तेवढं थांब. आता टाइमआउटची गंमत अशी की पट्टी पोचलेली असते आणि फक्त "पोचली" हे उत्तर वाटेत हरवतं, त्यामुळे कॉलम असूनही डबल जाऊ शकते. म्हणून प्रत्येक पट्टीबरोबर एक न बदलणारा नंबर पाठव, गाळा नंबर, तारीख, पट्टी नंबर मिळून, आणि त्या कंपनीला विचार की तोच नंबर परत आला तर तुम्ही सोडून देता का. बहुतेक देतात, डॉक्युमेंटमध्ये कुठेतरी कोपऱ्यात असतं.

बाबूराव_क्लाउड – ७:४१

म्हणजे टेबलाचीच रांग केली तुम्ही. काफ्का दुसरं काय करतो?

सौ_डेटाबेस – ७:४२

मामाकडून रॅम मागतो.

मोडीवाचक – ७:५०

कोणीच मुद्द्याचं विचारत नाहीये. शेतकऱ्यांची नावं मराठीत आहेत का? असतील तर कुठल्या फॉन्टात? श्रीलिपीत टाइप केलेलं असेल तर ते युनिकोड (प्रत्येक अक्षराला ठरलेला नंबर देणारी पद्धत) नसतं, स्क्रीनवर "पाटील" दिसतं पण आत भलतीच इंग्रजी अक्षरं बसलेली असतात. मी असा वीस वर्षांचा डेटा कन्व्हर्ट केलाय, रफार आणि पहिली वेलांटी यांनी जीव काढला होता.

गाळ्यावरचा – ७:५८

युनिकोडच आहे, विंडोजचाच मराठी कीबोर्ड. सोमवारी संध्याकाळपासून दिवाणजी नवीन नावं मराठीत टाकतात, शेतकरी म्हणत होते इंग्रजी पट्टी वाचता येत नाही. जुनी नावं इंग्रजीतच आहेत.

खडूस_टेस्टर – ८:००

"काही बदललेलं नाही."

गाळ्यावरचा – ८:०१

कोडमध्ये काही बदललेलं नाही असं म्हणायचं होतं.

मोडीवाचक – ८:०६

युनिकोड असेल तर उत्तम. रच्याकने, आजच्या पोरांना वाटतं मराठी टायपिंग गूगलने आणलं. सी-डॅक या सरकारी संस्थेचं आयएसएम (मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर) इथे पुण्यात बनलं, श्रीलिपीही पुण्याचीच. तेव्हा आम्ही फ्लॉपीवर फॉन्ट घेऊन

खडूस_टेस्टर – ८:०८

काका, फ्लॉपी नंतर. गाळ्यावरचा, मंगळवारपासून गेलेल्या दहा पट्ट्या आणि फेल झालेल्या दहा, दोन्हीतली फक्त नावाची भाषा सांग.

गाळ्यावरचा – ८:२१

गेलेल्या दहाच्या दहा इंग्रजी. फेल झालेल्या दहाच्या दहा मराठी. आयला.

पण मग चेकरमध्ये हिरवी टिक कशी येते???

खडूस_टेस्टर – ८:२३

कारण चेकरला तू जे लिहिलंस ते मिळतं आणि त्यांना जे पोचलं ते मिळतं. कर्लचा भाग टाक. पासवर्ड, टोकन काढून टाक रे बाबा.

गाळ्यावरचा – ८:३०

इथे कोड नीट पेस्ट होत नाहीये म्हणून सांगतो. जेसन-एन्कोड करतो, त्याला अनएस्केप्ड-युनिकोडचा फ्लॅग आहे (मराठी अक्षरं जशीच्या तशी ठेवणारा). मग हेडरमध्ये कंटेंट-टाइप, टोकन, आणि कंटेंट-लेन्थ (मजकुराची लांबी), त्यात जेसनची एमबी-स्ट्रलेन (अक्षरं मोजणारं फंक्शन). मग पोस्टफील्ड्समध्ये जेसन. बास.

फ्लॅग सोमवारी टाकला कारण लॉगमध्ये मराठी नावाच्या जागी नुसते उलट्या तिरक्या रेघा, यू आणि आकडे यायचे, दिवाणजींना वाचता येईना. एमबी-स्ट्रलेन पहिल्यापासून आहे, मागे इथेच कोणीतरी सांगितलं होतं की मराठी असेल तर एमबीवालीच फंक्शनं वापरायची.

सौ_डेटाबेस – ८:३३

सापडलं.

खडूस_टेस्टर – ८:३३

सापडलं. (आणि कोडमध्येही बदल झाला होता, नोंद घ्यावी.)

सौ_डेटाबेस – ८:४७

कंटेंट-लेन्थमध्ये बाइट सांगायचे असतात, तू अक्षरं सांगतोयस. इंग्रजीत एक अक्षर एक बाइट, म्हणून महिनाभर निभावलं. देवनागरीत यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड साठवायची पद्धत) प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, काना, वेलांटी, अनुस्वार सगळे वेगवेगळे धरून. "शिंदे" घे: श, वेलांटी, अनुस्वार, द, मात्रा, झाली पाच चिन्हं. एमबी-स्ट्रलेन म्हणते पाच, जातात पंधरा बाइट. म्हणजे तू सर्विसला दहा बाइट कमी सांगितलेस, तिने तेवढंच वाचलं आणि शेपूट तोडलं. आधी फ्लॅग नसताना मराठी गेली असती तरी चाललं असतं, कारण तेव्हा ते रेघा-आकडे सगळे साधे एक-एक बाइटवाले होते.

खात्री करायची तर लॅपटॉपवर चार ओळींची पीएचपी फाइल कर, जे येईल ते तसंच फाइलमध्ये लिहिणारी, आणि पत्ता बदलून तिलाच पाठव.

गाळ्यावरचा – ९:१९

केलं!! शिंद्यांचीच पट्टी पाठवली. (कोडमध्ये नावं इंग्रजीत आहेत, इथे देवनागरीत लिहितोय.) पाठवताना क्रमांक, नाव, वजन ४१२, आणि शेवटी रेट १८ होतं. पोचलं ते वजन ४१२ आणि पुढच्या स्वल्पविरामावर संपलं. गायब झालेला भाग मोजला, अवतरणचिन्हांसकट रेट, कोलन, अठरा आणि शेवटचा महिरपी कंस, बरोब्बर दहा. अंगावर काटा आला राव.

आता एमबी काढून साधी स्ट्रलेन (बाइट मोजणारी) टाकू ना?

खडूस_टेस्टर – ९:२२

ती ओळच काढ. कर्लला मोजता येतं, त्याच्या कामात हात घालू नकोस.

दिवेघाट – ९:२५

यार्डात भाव दहा किलोचा बोलतात, तुम्ही अठरा लिहिलंय ते किलोचं ना? नाहीतर शिंदे गेले कामातून.

गाळ्यावरचा – ९:२७

किलोचा करूनच पाठवतो.

मोडीवाचक – ९:३१

एमबी-स्ट्रलेनचा सल्ला बहुधा माझाच होता. आणि तो बरोबरच होता! पट्टीच्या छापील रकान्यात नाव मावतंय का ते बघायला अक्षरं मोजा असं सांगितलं होतं, बाइट मोजायला नाही.

बाबूराव_क्लाउड – ९:३३

काफ्का असता तर निदान मेसेज तसाच्या तसा मिळाला असता, परत परत पाठवून बघता आलं असतं.

सौ_डेटाबेस – ९:३४

असता तर तो अजून इन्स्टॉल होत असता.

गाळ्यावरचा – रविवार, दुपारी १२:५०

रिपोर्ट: आज १४३ पट्ट्या, सगळ्या गेल्या, एकही डबल नाही. सौ_डेटाबेस ताई, कॉलम टाकला. टेस्टरभाऊ, ती ओळ काढली. दोघांना यार्डात आलात की गुळाचा चहा माझ्याकडून.

पण एक नवीनच झालंय. पहाटेच्या पहिल्या नऊ पट्ट्यांवर कालची तारीख गेली. सासवडकडच्या एका आजोबांनी मामाला फोन केला, "शनिवारी यार्ड बंद असतं, मग माझा टोमॅटो विकला कोणी?" कोड इथे खरंच काही बदललेला नाही, शप्पथ.

खडूस_टेस्टर – १:०२

त्या नऊ पट्ट्या साडेपाचच्या आधीच्या आहेत का?

गाळ्यावरचा – १:०६

हो!! शेवटची ५:२२ ची. कसं ओळखलंत?

खडूस_टेस्टर – १:१०

पीएचपीला टाइमझोन सांगितला नाहीस तर ते यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरतं, आपण साडेपाच तास पुढे. आपल्याकडे रविवारचे पहाटे ५:२२ वाजलेले असतात तेव्हा तिकडे शनिवारचे रात्री ११:५२. टाइमझोन एशिया/कोलकाता टाक आणि पाठवताना वेळेमागे +०५:३० लाव, म्हणजे समोरच्याला अंदाज बांधायला नको. आणि हे महिनाभर रोज पहाटे होत असणार.

गाळ्यावरचा – १:१४

बघितलं, होतच होतं. इंग्रजी पट्टी कोणी वाचतच नव्हतं.

सौ_डेटाबेस – १:१९

टाइमझोन बदलायच्या आधी थांब. तो न बदलणारा नंबर तू तारखेवरून करतोयस ना? त्या नऊ पट्ट्या आता दुरुस्त तारखेने पाठवल्यास तर त्यांचा नंबरही बदलेल आणि त्या नवीन म्हणून परत जातील. त्या नऊंना जुनाच नंबर ठेव, फक्त आतली तारीख बदल, आणि दुरुस्ती पाठवायची त्यांच्याकडे वेगळी पद्धत आहे का ते आधी विचार.

गाळ्यावरचा – १:२१

पाच मिनिटं उशीर झाला ताई. आजोबांचा दुसरा फोन चालू आहे मामाला.