एका घरात अनेक मांजरे: ती एकमेकांना चाटतात, मग माणसाने फणी कशाला घ्यावी?

खिडकीकाठी (पुणे), मूळ मांडणी

आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात चार मांजरे आहेत. तुरी आणि मुगी या सख्ख्या गावठी बहिणी, आबा नावाचा १३ वर्षांचा बोका, आणि परदेशी निघालेल्या एका कुटुंबाने मागे ठेवलेली बर्फी नावाची पांढरी पर्शियन. मांजरे जितकी जास्त तितके माणसाचे काम कमी, अशा समजुतीत मी दोन-अडीच वर्षे काढली. दुपारची जेवणे उरकली की तुरी बाकीच्या तिघांची डोकी एकामागून एक मन लावून चाटून काढते, आणि ते पाहत बसलेल्या माणसाला फणी आठवण्याचे काही कारणच नसते.

गेल्या श्रावणात बर्फीला उचलताना तिच्या काखेत बोटाला सुपारीएवढी गाठ लागली. गाठ केसांचीच होती, पण नारळाच्या शेंडीसारखी घट्ट झालेली, आणि प्रत्येक पावलाला कातडी ओढत असल्यामुळे खालची जागा लाल होऊन ओलसर झाली होती. मी कात्री घेतली नाही हे नशीबच, कारण मांजराची कातडी अतिशय पातळ असते, गाठीबरोबर ती तंबूसारखी वर उचलली जाते आणि कात्रीखाली येते. डॉक्टरांनी यंत्राने ती गाठ काढली. त्यानंतर मी चौघांच्याही अंगावरून नीट हात फिरवला, तेव्हा आबाची खरी अवस्था कळली. त्याचे डोके आणि मान रेशमासारखी चमकत होती, पण कमरेपासून शेपटीच्या मुळापर्यंत कोंडा साठला होता आणि केसांच्या बारीक वाती झाल्या होत्या. सांधे धरलेल्या म्हाताऱ्या बोक्याला तिथवर वळता येत नाही, आणि तुरी तिथे चाटत नाही.

याचे कारण मला नंतर वाचनात मिळाले. नेदरलँड्समध्ये एका बंदिस्त गटातील २५ मांजरांचे निरीक्षण करून १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले होते की मांजरे एकमेकांना चाटतात ते प्रामुख्याने डोक्यावर आणि मानेवर, आणि सुमारे एक तृतीयांश प्रसंगांत कुरबूर होते, त्यात समोरच्यावर धावून जाणारे बहुधा चाटणारे मांजरच असते. म्हणजे आपण ज्याला माया आणि स्वच्छता समजतो, त्यात घरातल्या मानपानाचाही भाग असतो. म्हणून माझे मत असे झाले आहे की अनेक मांजरांच्या घरात माणसाने दर आठवड्याला प्रत्येकाच्या अंगावरून फणी फिरवलीच पाहिजे, आणि मांजरे अधिक असतील तर ही गरज वाढते. आम्ही रविवारी सकाळी चौघांना बैठकीच्या खोलीत घेऊन दार लावतो आणि तासाभरात सगळे उरकतो.

माडाखाली (रत्नागिरी)

आपला अनुभव खरा असेल, परंतु त्यावरून काढलेला नियम मला मान्य नाही. आमच्या घरी आठ मांजरे आहेत, सगळी गावठी, आणि त्यांच्या अंगाला आजवर फणी लागलेली नाही. ती आंब्याच्या खोडावर नख्या घासतात, चिऱ्याच्या गडग्यावर उन्हात लोळतात आणि उरलेला वेळ चाटण्यात घालवतात. बर्फीची गाठ ही पर्शियन जातीची अडचण आहे आणि ती जात माणसाने आपल्या हौसेसाठी घडवली आहे. त्या हौसेची किंमत गावठी मांजरांनी दर रविवारी का मोजावी?

आणखी एक. मांजर हे स्वतःच्या अंगावर स्वतःची सत्ता मानणारे जनावर आहे. त्याला दर आठवड्याला धरून विंचरले तर ते स्वच्छ होईल, पण तुमच्या पावलाचा आवाज आला की माळ्यावर जाऊन बसेल. आमची मांजरे ओटीवर मांडीत येऊन बसतात, याचे श्रेय मी त्यांना न धरण्याला देतो.

खिडकीकाठी

पर्शियनबद्दल आपण म्हणता ते बरोबर आहे, किंबहुना त्याला आधारही आहे. अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेतील संशोधकांनी २०१८ साली मांजराच्या जिभेवरील काट्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या काट्यांची टोके पळीसारखी पोकळ असतात, ती लाळ उचलतात आणि केसांच्या आतल्या थरापर्यंत नेतात. साध्या मांजरापासून वाघसिंहांपर्यंत हे जमते, पण पर्शियनच्या दाट लांब केसांत काटा कातडीपर्यंत पोचत नाही. तेव्हा तिला दररोज विंचरण्यावाचून इलाज नाही हे मान्य.

परंतु गावठी मांजरांसाठी माझी फणी केसांकरिता नाहीच, ती पिसवांकरिता आहे. आपल्याकडे उवांसाठी असते तशी बारीक दातांची फणी कमरेवरून फिरवायची आणि निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर टाकायचे. ते विरघळून तांबूस झाले तर ती माती नसून पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त आहे. मांजर चाटता चाटता पिसवा गिळून टाकते, म्हणून अंगावर प्रत्यक्ष पिसू दिसत नाही आणि आपण निर्धास्त राहतो. गिळलेल्या पिसवेतून टेपवर्म नावाचा चपटा जंत पोटात जातो आणि पुढे शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसू लागतात. घरातल्या एकूण पिसवांपैकी प्रौढ होऊन जनावराच्या अंगावर असतात त्या जेमतेम पाच टक्के; बाकी अंडी, अळ्या आणि कोश गाद्यांत, सतरंजीत आणि फटींत पडलेले असतात. चार मांजरे एकाच गादीवर झोपत असतील, तर एकाच्या पिसवा चौघांच्या होतात.

शंकासुर (मुंबई)

मूळ मुद्द्याशी मी सहमत आहे, परंतु आपली रविवारची पद्धत मला चुकीची वाटते. एकाला धरल्यावर ते जे ओरडते ते बाकीचे तिघे बंद खोलीत बसून ऐकतात, आणि त्यांची पाळी येईपर्यंत निम्मी लढाई आपण हरलेलो असतो. मी तीन मांजरे सांभाळतो. एका दिवशी एकच मांजर घ्यायचे, बाकीची दुसऱ्या खोलीत, आणि ते आपण होऊन शेजारी येऊन बसले असेल तेव्हा दोन-तीन मिनिटे. हनुवटीपासून सुरुवात करायची, पोटाला शेवटी हात लावायचा. शेपटी आपटू लागले की थांबायचे, मग एकच बाजू झालेली असली तरी चालेल. मानगूट धरून लोंबकळवण्याचा उपाय तर विसरावाच. मांजरांच्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२२ च्या मार्गदर्शनात तो वापरू नये असे स्पष्ट म्हटले आहे.

पार्लरमध्ये पाठवण्याचा पर्याय कोणी सुचवण्याआधी माझा अनुभव सांगून ठेवतो. तिघांपैकी एकीला मी एका ठिकाणी आंघोळीला नेले. ती गुलाबाच्या वासाची होऊन परतली आणि तिच्या सख्ख्या भावाने तिला ओळखले नाही. चार दिवस फिसकारणे, दाराआड दबा धरणे, आणि एकदा तर कानाला रक्त. मांजरांच्या कळपाची ओळख वासावर चालते. एकमेकांना घासून आणि चाटून ती एक सामाईक वास तयार करतात, आणि आपण पैसे देऊन तो धुऊन आणतो. शेवटी एकच जुना टॉवेल तिघांच्या गालांवरून रोज आळीपाळीने फिरवला, तेव्हा तह झाला.

संत्रानगरी (नागपूर)

पुण्या-मुंबईच्या मंडळींनी आमच्याकडचा मे महिना अनुभवलेला नाही, म्हणून हा प्रतिसाद. पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा लांब केसांच्या मांजरांना विंचरत बसण्यापेक्षा एप्रिलमध्ये अंगावरचे केस यंत्राने सरसकट उतरवून घेणे हा मला दयेचा मार्ग वाटतो. माझ्याकडे दोन लांब केसांची आणि एक साधे अशी तीन मांजरे आहेत. केस नाहीत म्हणजे गाठी नाहीत, पिसवा लगेच दिसतात, आणि ओकलेल्या केसांचे बोळे सोफ्यावर सापडत नाहीत.

दुपारची झोप (ठाणे)

संत्रानगरी, हेतू चांगला असला तरी हा उपाय उलटू शकतो. मांजराचा केसाळ थर उन्हाची धग कातडीपर्यंत पोचू देत नाही, म्हणून उघड्या अंगाने खिडकीत झोपलेल्या मांजराची, विशेषतः पांढऱ्या मांजराची, कातडी भाजू शकते. मांजराला गार करायचे तर कूलर, ओली फरशी आणि आतला सुटा झालेला मऊ थर फणीने काढून टाकणे हे मार्ग आहेत. गाठी इतक्या झाल्या असतील की विंचरणे म्हणजे छळच होईल, तेव्हा डॉक्टरांच्या देखरेखीखाली केस उतरवावेत. दरवर्षीचा रिवाज म्हणून नव्हे.

मला सांगायचे आहे ते मात्र वेगळे, आणि आतापर्यंत कोणी बोलले नाही याचे आश्चर्य वाटते. पिसवांसाठी मानेवर टाकायचे थेंब मिळतात. ते मानेवरच टाकायला सांगतात, कारण मांजराची स्वतःची जीभ तिथे पोचत नाही. एकटे मांजर असेल तर हा हिशेब चोख आहे. पण वर उल्लेख झालाच आहे की दुसरे मांजर चाटते ती जागा नेमकी तीच! मी पाचही मांजरांना एकाच संध्याकाळी थेंब टाकले आणि समाधानाने चहा ठेवला. अर्ध्या तासात थोरली भाटी तोंडाला फेस आणून स्वयंपाकघरात आली. तिने धाकट्या बोक्याची मान चाटली होती. कडू औषधाने लाळ सुटली होती, एवढ्यावरच निभावले. तेव्हापासून थेंब सुकेपर्यंत प्रत्येकाला वेगळ्या खोलीत ठेवते, आणि खोल्या तीनच असल्यामुळे हे काम दोन दिवस चालते. कुत्र्यांसाठीच्या थेंबांपैकी ज्यांत पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असते, ते तर मांजरांच्या घरात आणूच नयेत. मांजराच्या यकृताला ते रसायन पुरेसे मोडता येत नाही, अंगाला कंप सुटतो, झटके येतात आणि जीवही जातो. फिनॉल असलेल्या जंतुनाशकांचेही तेच. फरशीवरून पंजाला आणि पंजावरून जिभेला लागते.

संत्रानगरी

भाजण्याचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. पण माझी मांजरे खिडकीत झोपत नाहीत, दिवसभर पलंगाखाली असतात, आणि केस उतरवल्यावर ती पुन्हा खेळू लागतात हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. यंदा थोडी लांबी ठेवायला सांगेन. सरसकट बंद करणार नाही.

माडाखाली

ही चर्चा वाचून मला आमचा दोन वर्षांपूर्वीचा पावसाळा आठवला आणि माझा मूळ विरोध अधिकच पक्का झाला. त्या वर्षी दोन पिल्लांच्या कानांमागे रुपयाएवढे गोल टक्कल पडले. पशुवैद्यकीय दवाखान्यात गजकर्ण असे निदान झाले, आणि आठवड्याभरात तेच वर्तुळ माझ्या मनगटावर उठले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: सर्वांना एकच कंगवा वापरता का? मी नाही म्हटल्यावर ते म्हणाले, म्हणून दोघांवर थांबले. या बुरशीचे बीज गळलेल्या केसांवर महिनोन्‌महिने जिवंत राहते. आता आपणच सांगा, आठ मांजरांच्या घरात आठवड्याची फणी म्हणजे बुरशीला दर रविवारी काढलेली एसटी नव्हे काय?

खिडकीकाठी

हा मुद्दा मला खोडता येत नाही, अर्धाच उत्तरता येतो. मी पूर्वी एकच फणी वापरत असे. आता प्रत्येकाची वेगळी आहे आणि तिच्या दांड्याला वेगळ्या रंगाचा दोरा बांधला आहे. आबाची काळी, कारण त्याच्या वयाला नजर लागू नये असे आईचे म्हणणे. अंगावर टक्कल किंवा खपली दिसली की कोणालाच विंचरायचे नाही, आधी दवाखाना. परंतु फणी नसतानाही तुमची दोन पिल्ले एकमेकांना चाटत होतीच, आणि टक्कल रुपयाएवढे झाल्यावर दिसले. बोटे कानांमागे रोज फिरत असती तर ते कदाचित चवलीएवढे असतानाच सापडले असते.

शंकासुर यांची सूचना मात्र मी स्वीकारली आहे. गेले दोन रविवार बैठकीचे दार लावलेले नाही. बर्फी रोज रात्री, आबा एक दिवसाआड, आणि तुरी-मुगी पंधरवड्यातून एकदा, तेही कागदाच्या तपासणीपुरते. एकंदर वेळ पूर्वीपेक्षा जास्त जातो, पण माझ्या हातावरचे ओरखडे कमी झाले आहेत.

शंकासुर

नख्यांचा विषय राहिला. चार मांजरे म्हणजे पुढच्या प्रत्येक पायाला पाच आणि मागच्या प्रत्येकाला चार, एकूण ७२ नख्या. एका बैठकीत एकच पाय घ्यावा. आतली गुलाबी रेघ टाळून केवळ टोक उडवायचे. म्हाताऱ्या मांजरांकडे आधी पाहावे, कारण ती खोडावर घासणे सोडतात आणि नखी वळून पंजाच्या गादीत शिरते. माडाखाली, आपल्या आठांत कोणी वयस्क असेल तर एकदा उजेडात पंजा दाबून पाहावा.

माडाखाली

पाहिला. आमची थोरली भाटी १४ वर्षांची आहे आणि पावसाळ्यापासून ओटीवरून खाली उतरलेली नाही. डाव्या पुढच्या पायाच्या आतल्या अंगाची, जमिनीला न टेकणारी नखी बांगडीसारखी वळून गादीला टोचू लागली होती. आमच्या सौभाग्यवतींनी तिला गोधडीत गुंडाळले, मी टोक कापले, आणि तिने माझ्या अंगठ्याला दात लावले. दुसऱ्या दिवशी मी इंजेक्शन घेतले आणि ती अंगणात उतरली. ओल्या कागदाची परीक्षाही दोघांवर केली. एकाचा कागद कोरा राहिला, दुसऱ्याचा तांबूस झाला.

तेव्हा भाटीचे पंजे दर महिन्याला पाहीन आणि पिसवांसाठी डॉक्टरांना विचारीन. बाकीच्या सात जणांना मात्र मी विंचरणार नाही, याविषयी माझे मत कायम आहे.