उपनदी म्हणे!

मोठ्या नदीला येऊन मिळणाऱ्या पाण्याला 'उपनदी'शिवाय मराठीत शब्दच नाही का, असं कुणीतरी विचारलंय. अहो, उपनदी हा भूगोलाच्या पुस्तकातला शब्द. आमच्या नाशकात आजी कधी 'नासर्डी गोदावरीची उपनदी' म्हणाली नाही; 'नासर्डी टाकळीला गंगेला मिळते', झालं. (गोदावरीला इथे गंगाच म्हणतात, गंगेवर जाऊन येतो म्हणजे रामकुंडावर.) 'मिळते' या क्रियापदातच सगळं येतं, वेगळं नाम लागतच नाही.

बाकी शब्द पाण्याच्या अंगापिंडावरून. ओहोळ पावसाळ्यात चार दिवस खळखळतो, ओढा त्याहून दांडगा, कोकणात पऱ्ह्या. नाला हा शब्द मूळचा वाईट नाही, पण शहरात त्याला गटाराचा वास चिकटला. पंचवटीतली वाघाडी नदी म्हणजे जुनी वरुणा, आता कुणालाही विचारा, 'नाला'च म्हणतील. तिथलीच दुसरी छोटी नदी अरुणा, ती तर दिसतसुद्धा नाही.

माझा लाडका शब्द मात्र 'सांगवी'. निफाड तालुक्यात दारणा जिथे गोदावरीला मिळते, ते गावच दारणासांगवी. संगम गावाच्या नावातच मुरलाय.