नाव दिलं नव्हतं, तरी मुलीला फोटोवरून कळलं. मौतीची बातमी ग्रुपवर कशी द्यावी?

तालुका_वार्ताहर (यवतमाळ जिल्हा)

2003 पासून एका दैनिकाचा तालुका प्रतिनिधी आहे. पगार नाही, जाहिरातीचं कमिशन आणि थोडं मानधन. सोबत तालुक्याचा व्हॉट्सॲप ग्रुप चालवतो. आधी 256 ची मर्यादा होती, पुढे 1024 झाली, तीही भरली. पेपर उद्या येतो, ग्रुप आत्ता. आता लोक मला ग्रुपमुळेच ओळखतात.

जुलैमध्ये दुपारी तीनच्या सुमारास इथून आठ किलोमीटरवर वीज पडली. पऱ्हाटीत निंदण सुरू होतं. पाऊस आला तशा बाया धुऱ्यावरच्या निंबाखाली गेल्या. एक जागीच गेली, दोघी भाजल्या. मी पोचलो तेव्हा पोलीस पाटील आले होते, ठाण्याची गाडी यायची होती. मी नाव टाकलं नाही. मृतदेहाचा फोटो काढला नाही. निंबाच्या बुडाशी तिचा स्टीलचा डबा पडला होता. झाकण बाजूला, आत अर्धी भाकर आणि ठेचा, त्यात पावसाचं पाणी साचलेलं. तेवढाच फोटो घेतला, खाली 'वीज पडून शेतमजूर महिलेचा मृत्यू, दोघी जखमी' आणि गावाचं नाव लिहिलं. 3.52 ला टाकला. आपण जपून काम केलं असंच मला वाटत होतं.

डब्याच्या कडेला नाव कोरलेलं होतं, भांड्यांच्या दुकानात कोरून देतात तसं. ते मी पाहिलंच नाही. नाव त्या बाईचं नव्हतं, तिच्या मुलीचं होतं. शाळेत असताना घेतलेला डबा, पुढे आई वावरात न्यायची. मुलगी अमरावतीला नर्सिंग शिकते. मैत्रिणीच्या मामाच्या ग्रुपवरून फोटो सव्वाचारच्या आत तिच्या फोनवर पोचला. तिनं तो मोठा करून स्वतःचं नाव वाचलं. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. तिथून इकडे एस्टीनं अडीच तास लागतात, ती एकटीच आली.

साडेचारला पोलीस पाटलांचा फोन आला, 'पोरीले समजलं, फोटो काढा.' मी 'सर्वांसाठी हटवा' केलं. माझ्या ग्रुपवरून गेला. ज्यांनी पुढे धाडला होता त्यांच्याकडे राहिलाच.

सुरुवातीला मी बातमी कागदावर लिहून पाकीट यवतमाळच्या एस्टीत कंडक्टरजवळ द्यायचो. पेपर गावात येईपर्यंत घरच्यांना कळलेलं असायचं, बहुतेक वेळा मातीही झालेली असायची. मी जबाबदारीनं लिहितो असं तेव्हा वाटायचं. आता उमगतं की लोकांना सांभाळत होता तो मधला वेळ. आमचे आजोबा गेले तेव्हा चुलता आत्याला आणायला गेला. तिला एवढंच म्हणाला, 'बाबाची तब्येत बरी नाई, चाल.' बंडी गावच्या नाल्याशी आल्यावर खरं सांगितलं, कारण तिथून घर दिसत होतं.

मी थांबलो तरी तालुक्यातले बाकीचे ग्रुप थांबत नाहीत. गावाचं नाव दिलं तर तिथल्या बाहेरगावी राहणाऱ्या प्रत्येकाच्या पोटात गोळा येतो. नाही दिलं तर सगळ्या तालुक्याच्या. किती थांबावं? काय द्यावं? हे काम करणाऱ्यांनी सांगा.

डेस्कवरचा (नागपूर)

थांबण्याचं घड्याळ नसतं. जवळच्या नातेवाइकाला माणसानं जाऊन सांगितलं का, एवढंच विचारायचं. पण तुमची चूक वेळेची नाही, नजरेची आहे. आमच्याकडे रात्री फोटो आला की गाडीची नंबर प्लेट, हातावरचं गोंदण, मागच्या भिंतीवरची पाटी शोधायला दुसरा माणूस असायचा. काढणाऱ्याला ते दिसत नाही, तो घटनेत असतो. ग्रुपवर बातमीदार, उपसंपादक आणि छपाई हे सगळं एका अंगठ्यात आलं आहे. फोटो टाकण्याआधी तो कोणा एकाला दाखवाच.

आणि हटवण्यावर भिस्त ठेवू नका. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारे समजून पाच जणांना जमावानं मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली. तरी पाचाचे पंचवीस आणि पंचविसाचे सव्वाशे व्हायला वेळ लागत नाही. तुमच्या अडतीस मिनिटांत तेच झालं.

जुना_पोस्टमास्तर (वाशीम जिल्हा)

तार 15 जुलै 2013 ला बंद झाली, पण माझी निम्मी नोकरी तारेच्या काळातली. खेड्यात तार म्हणजे मौत, असाच समज. लिफाफा दिसला की घरात रडणं सुरू. कधी आत नोकरीची बातमी असायची, तरी आधी रडणं.

पोस्टमनला मी सांगून ठेवलं होतं, वाईट तार असेल तर सरळ त्या घरी जायचं नाही. आधी शेजारच्या बाईला हाक मारायची, तिला घेऊन आत शिरायचं. बाईमाणूस आधी बसली पाहिजे, तार नंतर वाचायची. एकदा पोस्टमन घाईत होता, तिला दारातच वाचून दाखवली. ती उंबरठ्यावर पडली, कपाळाला खोक पडली. तो पुढे कितीतरी दिवस त्या गल्लीत सायकलवरून उतरून पायी जायचा.

तुमच्या बाबतीत शेजारची बाई म्हणजे हॉस्टेलची रेक्टर. मुलगी अमरावतीला आहे हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. एक फोन तिकडे आधी जायला हवा होता.

पणजोबांचा_निरोप (वर्धा जिल्हा)

चुलत्याची आठवण वाचून भरून आलं. पण तो घरचा निरोप होता. गावकीचा निरोप माझे पणजोबा न्यायचे, कारण आम्ही महार. मोठ्या घरी मौत झाली की ऊन म्हणू नका, चिखल म्हणू नका, चार गावं पायी. पोचल्यावर अंगणाबाहेर उभं राहून सांगायचं, पाणी वरून ओंजळीत. 1956 ला ते नागपूरला दीक्षा घेऊन आले आणि ते काम सोडलं. पुढच्या मौतीला बोलावणं आलं तेव्हा म्हणाले, 'तुमचा निरोप आता तुमीच न्या.' हे आमच्या घरात आजही अभिमानानं सांगतात. तेव्हा जुन्या निरोपाला नुसतं मायेचं म्हणू नका, त्या मायेचं ओझं कोणीतरी पायी वाहत होतं.

तरी एक विचारते. निरोप आणणाऱ्याला लोक विचारायचे, कसं झालं, जीव लगेच गेला का, शेवटी काही बोलली का. तुमच्या ग्रुपवर फक्त ॲडमिनलाच लिहिता येतं ना? मग त्या पोरीनं विचारायचं कोणाला? बातमीखाली तुमचा नंबर होता का?

चाकणवाला_पोट्टा

भाऊ, मी चाकणले कंपनीत हाय. मांगच्या साली माया बाप सांजच्याले गेला. घरच्याईनं सांगतलं, 'तब्येत जास्त हाय, निंघ.' मले वाटलं सकाळी सुट्टी टाकून निंघू. मंग गावच्या ग्रुपवर श्रद्धांजलीचा फोटो पाह्यला अन् रातच्याच ट्रॅव्हल्सनं निंघालो. मातीले पोचलो. निरोपावर राह्यलो असतो तं तोंड पाहाले भेटलं नसतं. म्हनून ग्रुप बंद नोका करू. मले त्या फोटोचा राग नाई आला. त्याच्याखाली हात जोडलेले दोनशे निशान होते अन् रातभर फोन एकाचाई नाई, त्याचं वाईट वाटलं.

कृषी_सहायक (अमरावती जिल्हा)

ज्या ग्रुपवर तीनला मौत टाकता, त्याच ग्रुपवर बाराला इशारा टाका. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचं 'दामिनी' ॲप आहे. आपल्यापासून 20 आणि 40 किलोमीटरच्या आत वीज पडत असेल तर ते सांगतं. निंदणाच्या बायांजवळ स्मार्टफोन नसतो, म्हणून मजूर नेणाऱ्याला किंवा शेतमालकाला सरळ फोन लावा: काम थांबवा, झाडाखाली कोणी जाऊ नका, पक्क्या घरात या. झाडाखाली जाण्यानंच दरवर्षी माणसं जातात.

विजेनं मृत्यू झाला तर वारसाला शासनाची 4 लाखांची मदत आहे. पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल लागतो. दुःखात घरचे शवविच्छेदनाला नाही म्हणतात आणि नंतर अडकतात. बातमीखाली या दोन ओळी असतील तर त्या घराच्या उपयोगी पडतात.

तालुका_वार्ताहर

सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं. पोस्टमास्तरांचं जास्त लागलं, कारण रेक्टरचा नंबर मला दहा मिनिटांत मिळाला असता. पणजोबांबद्दल लिहिलंत ताई, ते मला माहीत असायला हवं होतं. नंबर खाली नव्हता. आता असतो.

इथल्या एका शिक्षक मित्राला सांगितलंय, फोटो आधी त्याच्याकडे जाईल, तो हो म्हणेपर्यंत टाकणार नाही. आशाताई किंवा पोलीस पाटील घरी पोचल्याचं कळल्याशिवाय गावाचं नाव नाही. दुसऱ्या ग्रुपवर आधी आलं तर येऊ दे. मंगळवारी दुपारी दामिनीवर इशारा दिसला, मजूर नेणाऱ्या तिघांना फोन लावले. दोघांनी बाया घरी आणल्या. तिसरा म्हणाला, दोनच तास राहिले. वीज पडली नाही, पण तो 'नाही' ऐकून माझा हात थरथरत होता.

तेरवीनंतर मुलीला भेटायला गेलो. माझं चुकलं, हे तिच्या मामासमोर सांगितलं. फोटोबद्दल ती काही बोलली नाही. तिनं विचारलं, 'आई जेवली होती का? भाकर अर्धीच दिसत होती.' मी सोबतच्या बायांशी बोललो होतो म्हणून सांगू शकलो. एक वाजता सगळ्या मिळून जेवल्या होत्या, अर्धी भाकर तिनं चारच्या सुटीसाठी ठेवली होती.

मग तिनं डब्याचं विचारलं. पंचनाम्यात तो नव्हता. भाजलेल्या दोघींपैकी एकीच्या घरी सापडला, घासून फळीवर पालथा ठेवलेला. त्या म्हणाल्या, 'पोरगी येईन म्हनून ठुला व्हता.' परवा नेऊन दिला. झाकण मात्र अजून सापडलं नाही. धुऱ्याकडच्या पाण्यात वाहून गेलं असेल, उद्या सकाळी पुन्हा बघून येतो.