पास्खा: सण की पदार्थ?

प्रश्न: एका रशियन कथेच्या अनुवादात आधी 'पास्खा जवळ आला' असं वाक्य आहे आणि पुढे आजी 'पास्खावर वजन ठेवून' झोपायला जाते. अनुवादकाची गफलत आहे का?

उत्तर: गफलत नाही, दोन्ही पास्खाच. हिब्रू 'पेसाख'चं ग्रीकमध्ये 'पास्खा' झालं आणि ईस्टरचं नाव म्हणून ते रशियनमध्ये आलं. मूळ यहुदी सणाला मराठी बायबलमध्ये 'वल्हांडण' म्हणतात. गोव्याच्या कोकणीतलं 'पास्कांचें फेस्त' म्हणजे ईस्टरच. शब्दाचं घराणं एकच.

आजीचा पास्खा मात्र खायचा. त्वोरोग, म्हणजे आपल्या चक्क्यापेक्षा कोरडा आणि दाणेदार प्रकार, चाळणीतून घासून घेतात. त्यात लोणी, साय, साखर, बेदाणे, बऱ्याच घरी अंड्याचा बलकही. लाकडी साच्यात ओलं फडकं अंथरून मिश्रण भरायचं आणि वर वजन ठेवायचं. रात्रभरात खालच्या भोकातून पाणी निथळतं. साचा शेंडा छाटलेल्या पिरॅमिडसारखा असतो, तो ख्रिस्ताच्या कबरीचं प्रतीक मानतात. फळ्यांवर आतून क्रूस आणि 'ख्रिस्तोस वोस्क्रेस' (ख्रिस्त उठला आहे) याची आद्याक्षरं कोरलेली असतात, ती पास्खाच्या अंगावर उमटतात. आधीच्या लांबलचक उपासात दूध, लोणी, अंडी सगळं वर्ज्य असतं. या पदार्थाचा मान त्यामुळेच कळतो.

शनिवारी घरोघरच्या टोपल्या चर्चमध्ये जातात. त्यांत पास्खा, कुलीच नावाचा उंच गोड पाव आणि कांद्याच्या सालींत उकडून तांबूस झालेली अंडी. धर्मगुरू पवित्र पाणी शिंपडतात. उपास सुटताना अंड्यावर अंडं आपटायचं, ज्याचं फुटणार नाही तो जिंकला. मुलं यासाठी अंडी पारखून घेतात.

प्रश्न: पण युक्रेनियन शेजारीण पावालाच 'पास्का' म्हणते.

उत्तर: बरोबर आहे. युक्रेनमध्ये पास्का म्हणजे तो पावच, आणि दक्षिण रशियातही काही ठिकाणी तसंच म्हणतात. म्हणून कथा कुठली ते आधी पाहावं.

अनुवादात मी सणाला सरळ 'ईस्टर' लिहीन आणि 'पास्खा' पदार्थासाठी राखून ठेवीन. 'पनीरचा केक' मात्र नको; त्यात भट्टी डोळ्यांसमोर येते आणि साच्यात घातलेला पास्खा तर भाजतच नाहीत. लिंगाचं म्हणाल तर रशियनमध्ये तो शब्द स्त्रीलिंगी आहे, पण मराठीत 'तो पास्खा'च बरा वाटतो, तो चक्का, तो खवा तसा.