उत्तर: नावं कुणाच्या रीतीनं लावायची?

तालिकीकरणाचे, म्हणजे ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी करण्याचे, आंतरराष्ट्रीय नियम ही आडनाव आधी लावण्याची पाश्चात्त्य सक्ती आहे, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. तालिकीकरणाची तत्त्वं ठरवायला १९६१मध्ये पॅरिसला भरलेल्या परिषदेत ५३ देशांचे प्रतिनिधी होते, आणि तिथं ठरलं ते नेमकं उलट: नावातला कोणता शब्द आधी घ्यायचा, हे शक्य तिथं लेखकाच्या देशातल्या रूढीनुसार ठरावं, ते जमत नसेल तर त्याच्या भाषेतल्या रूढीनुसार.

खरी कसोटी लागते ती टोपणनावांपाशी. राम गणेश गडकरींचंच बघा. नाटकं गडकरी नावानं, कविता गोविंदाग्रज, विनोदी लेख बाळकराम. पॅरिसच्या तत्त्वांप्रमाणे सगळं एका, जास्त परिचित नावाखाली आणायचं आणि बाकीच्या नावांवरून तिकडं निर्देश द्यायचे. २०१०मध्ये आलेल्या आरडीए या तालिकीकरणाच्या नियमावलीत मात्र प्रत्येक नाव स्वतंत्र ओळख धरता येतं. फक्त ती एकमेकांना जोडायची.

मला दुसरी वाट जास्त प्रामाणिक वाटते. लेखकानं नावं वेगळी ठेवली, ती समजून उमजूनच ना! पण जोडणी करायची राहून गेली तर ‘गोविंदाग्रज’ शोधणाऱ्या विद्यार्थ्याला गडकरींची नाटकं सापडणारच नाहीत. म्हणून आपल्या ग्रंथालयांनी मराठी टोपणनावांची प्रमाणित नामसूची आधी हाती घ्यावी, असं मला मनापासून वाटतं.