ऑक्टोबर हीटमध्ये सायकल? पहाटे निघा की!
ऑक्टोबरच्या उन्हात कसली डोंबलाची सायकल म्हणताय, पण साडेपाचला निघून तर बघा एकदा. आम्ही दसऱ्यानंतर दर रविवारी पुण्यातल्या कोंढव्याहून बोपदेव घाटातून सासवडला जातो, चढ जीव काढतो (मी शेवटचा टप्पा अजूनही सायकल हातात धरून चढतो, लाज कसली त्यात) पण वर पोचलं की असला गार वारा लागतो आणि कडेचं गवत नुकतं पिवळं पडायला लागलेलं असतं, की पाय दुखतायत हेच विसरायला होतं. सासवडला सीताफळांचे क्रेट लागलेले असतात, त्यातलं डोळे उघडलेलं एक तिथंच फोडायचं आणि बिया थुंकत उभ्याउभ्या खायचं, वर चहा. फक्त दहाच्या आत घर गाठा. आणि स्पेअर ट्यूब ठेवा बाबांनो, बाभळीच्या काट्यापायी दोनदा ढकलत आणलीय मी.