मदत हवी आहे: दोन नावं, दोन विषय, प्रकाशनांची यादी एकत्र कशी मांडू?

नमस्कार मंडळी,

मी नागपूरची. एमएसडब्ल्यू झाल्यावर सहा वर्षं कर्करोग रुग्णालयात समुपदेशक होते, नंतर व्यसनमुक्ती केंद्रात आले आणि तिथेच काम करता करता पीएचडी केली. आतापर्यंत १७ शोधनिबंध छापून आलेत. ९ कर्करुग्णांच्या काळजीवर, ८ व्यसनमुक्तीवर. पुढच्या महिन्यात सहायक प्राध्यापक पदासाठी अर्ज करायचाय आणि प्रकाशनांच्या यादीपाशीच गाडी अडली आहे.

मागच्या मुलाखतीत यादी चाळून मला विचारलं गेलं, "तुमचा नेमका विषय कोणता? हे तर दोन दगडांवर पाय झाले." मला तिथे धड उत्तर देता आलं नाही. घरी येऊन रडले, कारण माझ्या मनात हे दोन विषय कधी वेगळे नव्हतेच.

विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगते. आमच्याकडे पानठेल्यावर सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घालून घोटतात, तो खर्रा. वॉर्डातल्या एका दादांचा अर्धा जबडा काढला होता, नाकात नळी, बोलणं पाटीवर लिहून. चादर बदलताना उशीखाली खर्ऱ्याची पुडी सापडली. मी काही विचारायच्या आत त्यांनी पाटीवर लिहिलं, "खात नाही म्याडम, फक्त वास घेतो." त्या दिवशी मला कळलं की शस्त्रक्रियेने गाठ निघते, तलफ तिथेच राहते. व्यसनमुक्तीकडे मी वळले ती त्या पुडीमुळे. आणि केंद्रात आल्यावर उलटं दिसलं: दारू सोडायला आलेल्यांपैकी कितीतरी जणांचं तोंड पुरतं उघडत नव्हतं, तीन बोटं उभी मावत नव्हती, आणि त्यांना ते दुखणंच वाटत नव्हतं. "तंबाखू नाही, नुसती सुपारी खातो" हे तर रोजचं. सुपारी एकटीही कर्करोगकारक आहे, आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने) ते २००४ मध्येच नोंदवलंय, पण ठेल्यापर्यंत ते पोचलेलं नाही. माझे निम्मे निबंध याच दोन टोकांमधल्या रस्त्यावरचे आहेत. उदाहरणार्थ, निकोटिनची सवय किती जडली आहे हे मोजणारी फागरस्ट्रॉमची प्रश्नावली मुळात सिगारेटवाल्यांसाठी. "दिवसाला किती ओढता" हे खर्ऱ्याला कसं विचारायचं? एक पुडी दोघांत जाते, कोणी ती दिवसभर पुरवतो.

आता अडचणी.

पहिली नावाची. ७ निबंध माहेरच्या नावाने, १० सासरच्या. आपल्याकडे आडनावाबरोबर मधलं नावही बदलतं, वडिलांच्या जागी नवऱ्याचं. पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या सूचीत शोधलं की यादीत आडनाव आणि अद्याक्षरं एवढंच दिसतं, म्हणजे वाचणाऱ्याला त्या दोन वेगळ्याच बायका. स्कोपस या निबंधांच्या दुसऱ्या सूचीवरही माझी दोन प्रोफाइल तयार झालीत. ऑर्किडचा, म्हणजे नाव बदललं तरी संशोधकाची ओळख एकच ठेवणारा, १६ अंकी क्रमांक आत्ता काढला, त्यात 'इतर नावं' म्हणून जुनं नाव टाकलंय. स्कोपसची प्रोफाइल एकत्र करायची विनंती कोणी केली आहे का? विवाह प्रमाणपत्र मागतात का? गूगल स्कॉलरवर जुने निबंध हाताने जोडले, तेवढं जमलं.

दुसरी गोष्ट लिहायला जड जातेय. २०१९ मध्ये घाईत एका नियतकालिकाला पैसे भरून निबंध दिला. चार दिवसांत स्वीकारल्याचं पत्र आलं, समीक्षकाचं एक अक्षरही नव्हतं. आज त्यांचं संकेतस्थळ उघडत नाही. तो यादीत ठेवू की गाळू? गाळला तर लपवल्यासारखं होईल. पण त्याहून जास्त टोचतं ते वेगळंच. त्या निबंधात ६२ रुग्णांच्या मुलाखती आहेत. तोंड उघडताना कळ येत असूनही ती माणसं माझ्याशी बोलली होती. ते साहित्य नव्याने, आधीच्या छपाईचा उघड उल्लेख करून, चांगल्या ठिकाणी देता येतं का? संपादकांना असं पत्र कोणी लिहिलंय?

यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) केअर यादी, म्हणजे मान्य नियतकालिकांची यादी, फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. आता निकष संस्थेने ठरवायचे, त्यामुळे जुने निबंध मोजताना तुमच्याकडे काय धरतात, तेही कळवा.

यादी विषयवार लावू की सालवार, यावर माझं मत बनत चाललंय. सालवारच लावावी आणि वर चार ओळी लिहाव्यात. कच्चा मसुदा असा:

"माझं काम तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांची तंबाखू-सुपारी सुटावी आणि व्यसनमुक्तीला आलेल्यांचं तोंड वेळेत तपासलं जावं, यासाठी आहे. २०१४ पर्यंतचे निबंध रुग्णालयातले, पुढचे केंद्रातले. माणसं बरीचशी तीच."

शेवटचं वाक्य ठेवू का? मैत्रीण म्हणते, अर्जात असं लिहीत नाहीत. मला ते काढवत नाही. निवड समितीवर बसलेलं कोणी इथे असेल तर कृपया स्पष्ट सांगा. १० तारखेला अर्ज जायचाय.